चांगुणाची हरकत

भात कापायला आलं की सकाळी दार उघडल्याबरोबर वास येतो. पिकल्या लोंबीचा, दहिवरानं भिजलेल्या काडीचा, खालच्या ओलसर मातीचा, सगळा मिळून एकच. आमच्याकडं इंद्रायणी लावतात, तिला आधीच वास फार. तो वास आला की चांगुणा विळे काढायची. पडवीच्या आढ्याला खोचलेले असायचे, ते काढून दगडावर घासायची आणि घासता घासता मला उठवायची. उठवायची म्हणजे हाक नाही मारायची. विळाच असा घासायची की मेलेला माणूससुद्धा उठून बसावा.

आता विळे मीच काढतो, मीच घासतो. उठवायला कुणी नाही आणि मला उठायची घाई पण नाही. वास मात्र येतोच. खरं सांगतो, मला ह्या वासाचा राग येतो. माणूस गेलं तर त्याच्या मागं राहिलेल्या गोष्टींनी गुमान बसावं. हा यंदाही येऊन दारात उभा राहिला, जसं काही झालंच नाही.

आमची वाडी मावळातली, लोणावळ्याच्या अलीकडं, डोंगराच्या पोटाला. इथून मोठा रस्ता दिसत नाही, पण ऐकू येतो, शनिवार-रविवारी जास्तच. धबधबे बघायला येणाऱ्या गाड्या आमच्या फाट्यावरून सरळ पुढं जातात, त्यांचं आमच्याकडं काही काम नाही. मी देहूरोडच्या डेपोत खोकी उचलायला होतो. मुलगी परंदवडीला दिली, ती आणि जावई दोघं कंपनीत जातात. शेती चांगुणाची. सातबाऱ्याला नाव माझं, पण कुठल्या खाचराचा बांध कुठं फुटतो ते ठाऊक तिला. सुट्टीच्या दिवशी मी तिच्या हाताखाली असायचो, आणि कापताना काडी उंच सोडली तर ती मला डेपोच्या मुकादमासारखी मागं फिरवायची.

एरवी बोलायला मऊ. फटकळ मी, ती नाही. शेजारच्या घरात शिरताना विचारणार, येऊ का, हरकत न्हाई ना? कुणाची पाटी उचलली तर, घेते बरं का, हरकत न्हाई ना? एसटीत रिकाम्या जागेवर बसायचं तरी शेजारच्या बाईला विचारणार. मी म्हणायचो, अगं तिकीट काढलंयस, बस की. ती म्हणायची, इचारलं तर काय झिजतं का? पुढं पुढं माझ्या ध्यानात आलं, हे तिच्या आईनं तिला लावलेलं वळण. आईला तिच्या आईनं. आमच्या बायांना एके काळी कशालाही शिवायच्या आधी विचारावं लागायचं. विचारलं की निदान कुणी अंगावर येत नसे. तो काळ गेला, म्हणतात. वळण तेवढं राहिलं.

हरकत हा शब्द आम्ही तसा दिवसभर वापरतो, पण त्याच्या मागं 'न्हाई' लावूनच. चहा सांडला, हरकत न्हाई. उशीर झाला, हरकत न्हाई. नुसती हरकत, एकटी, अशी आमच्या बोलण्यात कधी आलीच नाही. आम्हाला एखादी गोष्ट नको असली तर आम्ही नगं म्हणतो. फारच झालं तर शिव्या देतो. 'माझी हरकत आहे' असं बोलणारा माणूस आमच्या वाडीत जन्माला आलेला नाही. सरकारात मात्र तोच शब्द चालतो हे आम्हाला फार उशिरा कळलं.

डोंगरात वर एक उंबर आहे. त्याच्या मुळाशी खडकातून पाणी यायचं. धार करंगळीएवढी, पण भर उन्हाळ्यातही तुटायची नाही. माझी आई लहान होती तेव्हा गावच्या विहिरीवर आमच्या माणसांना पाय ठेवू देत नव्हते. तेव्हा आमची सगळी वस्ती ह्या पाण्यावर जगली. छप्पन साली आमच्या वडिलांनी धम्म घेतला. पुढं विहीर खुली झाली, नळ आला, तरी बायांचं वर जाणं थांबलं नाही. उन्हाळ्यात नळ कोरडा पडला की जायच्याच, पण एरवीही जायच्या. चांगुणा आणि शेजारची भामा, दोघी हंडे घेऊन निघाल्या की तासभर तरी परत येत नसत. मी चिडून म्हणायचो, पाणी आणायला जाता का गप्पा आणायला? चांगुणा म्हणायची, "नळाचं पानी सरकारचं. त्ये आपलं. त्या पान्यानं कुनाला कवा न्हाई म्हनलं न्हाई."

दोन वर्षांमागच्या सुगीत त्या डोंगरावर दगडाची खाण काढायचं ठरलं. ठरलं कुठं, कुणी ठरवलं, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही खाचरात होतो. तळेगावची सुनंदाताई स्कूटर घेऊन आली तेव्हा कळलं. चाळिशीची बाई, कुठल्यातरी कॉलेजात शिकवते. तिची आणि तिच्यासारख्या पाच-सहा जणांची मिळून एक छोटी मंडळी आहे. कुठं खाण, कारखाना, मोठं बांधकाम यायचं असलं की हे लोक जाऊन बघतात, तिथल्या माणसांना विचारलं का. सांगितलं का, कागद दाखवले का, बोलू दिलं का, आणि बोललेलं लिहिलं का. एवढंच बघतात.

बांधावर उभी राहून ती विचारत होती आणि चांगुणा कापता कापता उत्तरं देत होती. चांगुणाचा हात काही थांबेना. शेवटी तिला म्हणाली, "बाई, हुबी का? हितं आनखी एक इळा हाय." सुनंदाताईनं खरंच विळा घेतला आणि थोड्याच वेळात बोट कापून घेतलं. चांगुणानं बांधावरचा दगडीपाला चोळून तिच्या बोटावर पिळला आणि तिला खाली बसवलं. बसल्यावर मग सगळं सांगणं झालं. जनसुनावणी होणार आहे, साहेब येणार आहेत, गावकऱ्यांचं म्हणणं ऐकणार आहेत. त्याची सूचना पंचायतीच्या फळ्यावर घरपट्टीच्या कागदाखाली चिकटवलेली होती. खाणीचा मोठा कागद इंग्रजीत, विटेएवढा जाड. मराठीतला जो होता तो लग्नपत्रिकेएवढा.

चांगुणानं विचारलं, "मंग तुमी खान बंद करनार?"

"नाही मावशी. ते आमच्या हातात नाही. करायच्या आधी तुम्हाला विचारलं का, ते आम्ही बघतो."

"इचारून मंग करत्यात व्हय?"

"कायदा तसं म्हणतो."

"लय भला दिसतोय कायदा," चांगुणा म्हणाली आणि पुन्हा वाकून कापायला लागली. मला हसू आलं. पण जेवताना ती म्हणाली, आपन जायाचं. कुनी इचारतंय तर सांगाया पायजे.

सुनावणी ठेवली हमरस्त्याकडच्या एका मंगल कार्यालयात, ऐन कापणीच्या दिवसांत. अर्धी वाडी खाचरात. जी माणसं आली ती खाणवाल्यांच्या गाडीतून आली. दारात प्रत्येकाला पाण्याची बाटली आणि चिक्कीचा पुडा देत होते. आत आदल्या दिवशीच्या लग्नाच्या खुर्च्या, त्यांना पांढरे झगे आणि मागं गुलाबी फिती. चांगुणा चौदा एप्रिलला नेसते ती निळ्या काठाची पांढरी साडी नेसली होती. खुर्चीच्या फितीला हात लावून मला म्हणाली, आपल्या लग्नात इतकी मानसंबी नव्हती आन येवढ्या खुर्च्याबी.

पडद्यावर चित्रं दाखवली. झाडं लावू, रस्ता करू, नोकऱ्या देऊ. त्या चित्रातल्या डोंगरावर उंबर नव्हता. मग मधल्या साहेबानं विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का. पुढच्या रांगेतले दोन-तीन जण उठून गोड बोलले. मग चांगुणा उठली. मी तिला सांगितलंही नव्हतं, अडवलंही नव्हतं. तिनं माईक दोन्ही हातांनी धरला, लहान पोरानं तांब्या धरावा तसा.

"जयभीम सायेब. मी बोल्ले तर हरकत न्हाई ना?"

"हरकत नाही, बोला," साहेब म्हणाले.

आणि ती बोलली. मी तिचा नवरा, पण तिला सलग इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. उंबराचं पाणी सांगितलं, माझ्या आईचं सांगितलं. डोंगर आतून पोकळ आहे, पाऊस पडला की पोटात घेतो आणि उन्हाळ्यात सोडतो, सुरुंग लावला तर पाणी वाट सोडील, आणि वाट सोडलेलं पाणी परत येत नाही, हे सांगितलं. शेवटी म्हणाली, डोंगराला हात लावू नगा, येवढंच मागते. साहेबाच्या शेजारी कारकून लिहीत होता. त्याचं पेन हलताना मी बघितलं आणि मला बरं वाटलं.

सगळं झाल्यावर, नियम असतो म्हणून, लिहिलेलं वाचून दाखवलं. तोवर लोक उठले होते, कार्यालयाची पोरं खुर्च्यांचे झगे काढत होती. कारकून भरभर वाचत सुटला. त्यात तिचं नाव आलं. चांगुणाबाई, राहणार अमुक वाडी, हरकत नाही. चांगुणानं मला कोपरानं ढोसलं. तिचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. बाहेर येऊन आम्ही टपरीवर भजी खाल्ली. चालत येताना ती सारखी तेच म्हणत होती. "मायकात नाव घेतलं माजं. आन सायेब म्हनले हरकत न्हाई. म्हंजी आपलं पानी ऱ्हातंय." मलाही तसंच वाटलं. कुणालाही वाटेल. तुम्ही दाराशी जाऊन एक गोष्ट मागितली आणि आतून आवाज आला हरकत नाही, तर तुम्ही काय समजाल?

ती सुगी मला आठवते ती अशी. भात चांगलं झालं होतं. उडवी रचताना ती वर चढली होती आणि मी खालून पेंढ्या देत होतो. वरून तिला उंबर दिसायचा. मधेच थांबून बघायची, आणि मी खालून ओरडायचो की माझे हात दुखायला लागलेत. नव्या तांदळाची पेज केली, भामाकडं तांब्याभर पाठवली. संध्याकाळी दोघी उंबराखाली. मला त्या सुगीचा वास आजही वेगळा आठवतो. आता कोण म्हणेल म्हाताऱ्याला भास होतो. होत असेल.

शिमग्याच्या सुमारास सुनंदाताई परत आली. तिच्या बोटावरची खूण तशीच होती, ती तिनं चांगुणाला दाखवली, दोघी हसल्या. सुनावणीत लोक जे बोलले ते कागदावर उतरलं का, हे बघायला ती घरोघर फिरत होती. ओट्यावर बसून तिनं कागद काढला आणि जरा अडखळतच विचारलं, "मावशी, तुम्ही हरकत नाही असं म्हणालात?"

"व्हय, म्हनले की," चांगुणा म्हणाली. "मी इचारलं सायबाला, बोल्ले तर हरकत न्हाई ना. त्येबी म्हनले न्हाई."

सुनंदाताईनं कागद मिटून कपाळ पुसलं. मला वाटलं बाईला ऊन लागलं. मग तिनं हळूहळू समजावलं. सरकारात हरकत म्हणजे विरोध. हरकत नाही म्हणजे खाणीला विरोध नाही. चांगुणाबाईंचं म्हणणं काय, तर एवढंच, हरकत नाही. उंबर नाही, पाणी नाही, माझी आई नाही. कारकुनानं आळसानं तेवढंच टिपलं की मुद्दाम, ते मला ठाऊक नाही. त्याच्या मनात शिरून मी बघितलेलं नाही. त्यालाही घरी जायचं असेल.

चांगुणानं दोनदा विचारलं, "म्हंजी मी व्हय म्हनले?" सुनंदाताई खाली बघत म्हणाली, कागदावर तसं झालंय. चांगुणा उठून आत गेली आणि चहा ठेवला. तो चहा इतका उकळला की कडू झाला.

सुनंदाताईनं अर्ज लिहिला, चांगुणानं अंगठा नाही, सही केली. सही तिला येत होती. पावसाळ्यात उत्तर आलं. म्हणणं सर्वांसमक्ष वाचून दाखवण्यात आलं होतं, त्या वेळी कुणीही दुरुस्ती सुचवली नाही, सबब आता बदल करता येत नाही. मी उत्तर तिला वाचून दाखवलं. माझं शिक्षण चौथी, सबब म्हणजे काय ते मला सुनंदाताईला विचारावं लागलं. पण चांगुणाला बाकीचं समजलं.

"दुरुस्ती कशी सुचवनार?" ती म्हणाली. "मी तर हासत व्हते."



पुढच्या दिवाळीनंतर खाण सुरू झाली. दुपारी भोंगा व्हायचा, मग सुरुंग. भोंगा झाला की कोंबड्या आपणहून ओट्याखाली जायला शिकल्या. मडक्यांच्या उतरंडीला हादरा बसायचा. त्या उन्हाळ्यात उंबराचं पाणी आधी पांढुरकं आलं, दुधात पीठ कालवल्यासारखं. मग बारीक झालं. मग नुसता खडक ओला असायचा. आणि मग तोही नाही. भामा तिथंच, उंबराखाली, चार बायांसमोर चांगुणाला म्हणाली, "जा, इचार तुझ्या सायबाला. तुझी काय हरकत न्हाई." वाडीत त्याचा वापरच सुरू झाला. रेशनच्या दुकानात कुणाचं रॉकेल सांडलं तरी पोरं म्हणायची, चांगुणाबाईची हरकत न्हाई. हसायची सगळी. मनात फार विष नव्हतं कुणाच्या. पण पाणी गेलेलं होतं, आणि राग कुणावर तरी काढायचा होता. खाणवाल्यांच्या फाटकावर दोन पहारेकरी होते, आमच्या दारात कुणी नव्हतं.

चांगुणा खाणीनं मेली असं मी म्हणणार नाही. दमा तिला आधीपासून होता. यंदा श्रावणात वाढला, तळेगावला दवाखान्यात ठेवली, तिथंच गेली. पण त्या आधीच्या महिन्यांत एक झालं होतं. तिनं विचारायचं सोडलं होतं. भामाच्या घरात जायची ती बंद झाली, पाटी मागायची बंद झाली. दवाखान्यात पाणी हवं असलं तरी नुसता हात करायची. ज्या बाईनं उभा जन्म विचारून काढला, तिच्या तोंडातून तो शब्दच निघून गेला. एकदा फक्त मला म्हणाली, डोळे मिटूनच म्हणाली, "त्ये माझं न्हाई. तेवढं खोडून घ्या." मी व्हय म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ह्या सुगीत पुन्हा सुनावणी लागली. खाण मोठी करायची आहे. ह्या खेपेला मात्र रिक्षा भोंगा लावून वाडीवाडीनं फिरली, मराठीतला कागद पंचायतीत टेबलावर ठेवला. मागच्या वेळी सांगण्यात खोट राहिली म्हणून सुनंदाताईच्या मंडळींनी वर लिहिलं होतं, त्याचा एवढा गुण आला. मी तिला म्हणालो, भोंगा आला, पण पाणी आलं का? ती म्हणाली, नाही आबा. तिनं वाईट वाटून घेतलं नाही. किंवा घेतलं असेल, मला दाखवलं नाही. मी असाच बोलतो हे तिला ठाऊक आहे.

तिनं मराठीतला कागद मला वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती, मागील जनसुनावणीत स्थानिक महिलांची हरकत नव्हती. मी विचारलं, ह्या महिला कोण? तिनं सांगितलं, मावशीच. बोललेली बाई ती एकटीच होती. एकटीच्या त्यांनी महिला केल्या होत्या.

सुनावणीच्या दिवशी माझं वरच्या खाचरातलं भात कापून पसरलेलं होतं, वाळत. डोंगरामागं ढग धरले होते. कार्तिकात आता असे ढग येतात. भामा कुंपणावरून म्हणाली, आबा, आज भात गोळा करा, पानी येतंय. मी म्हणालो, येऊ दे. धुतलेला सदरा घातला आणि गेलो.

तेच कार्यालय, तशाच फिती. साहेब दुसरे. चिक्की मी घेतली नाही. ह्या खेपेला माणसं बरीच आली होती, बोललीही चांगली. माझी पाळी आली तेव्हा आधी मी माझं बोललो. माझी हरकत आहे. हे शब्द मी घरी म्हणून बघितले होते, जीभ वळत नव्हती. मग म्हणालो, "आता माझ्या बायकोची लिवा. चांगुणाबाई. तिची बी हरकत हाय."

साहेब म्हणाले, "त्यांना स्वतःला बोलू द्या."

"ती श्रावणात गेली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. "आबा, मयत व्यक्तीची हरकत घेता येत नाही."

"तिची हरकत न्हाई मातुर चालती तुमाला," मी म्हणालो. "ह्या कागदात हाय की ती अजून. मेलेल्या मानसाचं व्हय चालतं आन न्हाई चालत न्हाई, आसं कसं?"

कार्यालयात कुणी हसलं नाही. भोंग्यासारखा कसला तरी आवाज माईकमधून येत होता तेवढाच. साहेब म्हणाले, मागचं मागच्या वेळी झालं, आज त्यात काही करता येणार नाही, बसा.

मी बसलो. सुनंदाताई मागच्या भिंतीशी उभी होती. तिचं काम बोलण्याचं नाही, बघण्याचं. जवळ येऊन एवढंच सांगितलं, आबा, वाचून दाखवेपर्यंत जाऊ नका. बाहेर पाऊस सुरू झाला होता, पत्र्यावर ऐकू येत होता. लोक एकेक करून उठले, ज्यांचं भात पसरलेलं होतं ते पळालेच. माझंही पसरलेलं होतं. मी खुर्चीची फीत हातात गुंडाळून बसून राहिलो.

कारकून वाचायला लागला. माझं नाव आलं. हरकत आहे. पुढं वाचलं, सदर गृहस्थांनी दिवंगत पत्नीच्या आठवणी सांगितल्या.

मी उठलो. "आठवनी न्हाईत त्या," म्हणालो. "खोडा. आठवनी मी घरी सांगतो, घर रिकामंच हाय. हितं मी तिची हरकत सांगितली."

साहेबांनी सुनंदाताईकडं बघितलं. ती म्हणाली, "साहेब, ते जे बोलले ते त्यांच्या शब्दांत यायला हवं. वाचून दाखवताना दुरुस्ती सुचवता येते. मागच्या उत्तरात तुमच्या कार्यालयानंच तसं लिहिलंय." बस. साहेबांनी कारकुनाला मान हलवली. कारकुनानं ओळ खोडली, वर लिहिलं आणि माईकवर वाचलं, ह्या खेपेला सावकाश. यांच्या पत्नी चांगुणाबाई, मयत, यांची हरकत होती, असे त्यांचे म्हणणे.

होती. असे त्यांचे म्हणणे. पदरात पडलं ते एवढंच. मागचा कागद तसाच राहिला, त्यात ती व्हय म्हणालेली आहे आणि तशीच राहील. खाण वाढेल का, वाढेलच बहुतेक. मी काही अडाणी आशा धरून बसलेलो नाही. माझ्या कोपराला कुणी ढोसलं नाही. शेजारची खुर्ची रिकामी होती, पोरानं येऊन तिचाही झगा काढून नेला.

घरी येईस्तोवर चिंब भिजलो. वरच्या खाचरात पाणी साचलं होतं आणि कापलेलं भात त्यात लोळत होतं. बांधावर भामा होती. डोक्यावर प्लॅस्टिकचं पोतं घेऊन ती एकटीच भिजल्या काड्यांचे वेढे उचलून बांधावर टाकत होती. कधीपासून उचलत होती ठाऊक नाही, बांध निम्मा भरला होता. मीही वाकलो. डोंगरावरून पाणी लोंढ्यानं खाली येत होतं, नुसतं वरच्या वर, गढूळ. पूर्वी हा डोंगर एवढं पाणी खाली सोडत नसे.

शेवटचा वेढा टाकून ती सरळ झाली. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आबा, हरकत न्हाई, वाळंल—"

आणि थांबली. पोत्यातून तिच्या तोंडावर पाणी गळत होतं, ते पुसायलाही तिचा हात वर गेला नाही.

"वाळंल," मी म्हणालो.

वाळलं. चार दिवस ऊन देऊन वाळवलं, झोडलं, गिरणीतून तांदूळ करून आणला. तिच्या रीतीनं पहिली पेज केली आणि तांब्याभर भामाकडं नेली. भिजलेल्या भाताच्या तांदळाला कुबट वास येतो, तो काही केल्या जात नाही. भामानं झाकण काढलं, तिलाही आला असेल. दोघांनी तशीच प्यायली.